डोक्याच्या गजकर्णाला दिलेले एक्स-रे आणि पन्नास वर्षांचा पाठपुरावा : न्यूयॉर्कचं प्रकरण

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या त्वचा व कर्करोग विभागात १९४० ते १९५९ या काळात २,२२४ मुलांच्या डोक्याला एक्स-रेचे शेक दिले गेले. कॅन्सर कुणालाच नव्हता, सगळ्यांना डोक्याचं गजकर्ण होतं. त्याच दवाखान्यात त्याच आजारासाठी आलेल्या १,३८० मुलांना मात्र एक्स-रे दिले गेले नाहीत, वरून लावायच्या औषधांवर भागलं. पुढे या दोन्ही गटांचा मिळून पन्नास वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला. जिवाला धोका नसलेल्या आजारासाठी किरणोपचार घेतला तर पुढे त्वचेचं काय होतं, हे आज आपण ज्या मोजक्या अभ्यासांच्या जोरावर सांगू शकतो त्यांत हा अगदी वरचा. आजार किरकोळ, उपचार यशस्वी, डॉक्टर आपल्या कामात निष्णात, आणि तरीही वीस वर्षांनी त्याच डोक्यांवर कॅन्सर दिसू लागले. हे कसं झालं, ते जरा सविस्तर पाहू.

आजार

हे गजकर्ण बुरशीमुळे होतं; ती बुरशी म्हणजे मायक्रोस्पोरम ऑडोइनी. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या शहरांमधून तिची मोठी साथ होती. न्हाव्याचं मशीन, एकमेकांच्या टोप्या, सिनेमागृहातल्या खुर्च्यांच्या पाठी, असे तिच्या प्रसाराचे मार्ग सांगितले जात. रुग्ण बहुतेक मुलगेच, सरासरी सात-आठ वर्षांचे. डोक्यावर गोल चकंदळ पडायचं, केस टाळूपासून दोन-तीन मिलिमीटरवर तुटायचे, वर राखाडी कोंडा. अंधाऱ्या खोलीत वूडचा दिवा (अतिनील किरणांचा) धरला की बाधित केस हिरवे चमकायचे. तपासणीत डोकं चमकलं की मुलगा घरी. बरा झाल्याचा दाखला मिळेपर्यंत शाळा बंद, आणि हे महिनोन्महिने चालायचं.

हा आजार वयात येताना बहुधा आपोआप जातो. टाळूच्या तेलकट ग्रंथी कामाला लागल्या की या बुरशीला तिथे राहवत नाही. म्हणजे सात वर्षांच्या मुलाला नुसतं सोडून दिलं असतं तरी तेराव्या-चौदाव्या वर्षी तो मोकळा झाला असता. पण सहा वर्षं शाळेबाहेर कोण ठेवणार? आईबापांना घाई होती, शाळांना घाई होती, आणि आरोग्य खात्याला साथ आटोक्यात आणायची होती. एक्स-रेकडे पाहताना ही घाई लक्षात ठेवायला हवी. तेव्हाच्या डॉक्टरांना आज खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते बरोबर होणार नाही.

मलमं फारशी चालत नसत. बुरशी केसाच्या आत शिरून थेट मुळाच्या दिशेने उतरलेली असते, वरून चोपडलेलं औषध तिथवर पोचत नाही. म्हणून सगळा भर केस मुळासकट काढण्यावर. चिमट्याने एकेक उपटा, नाहीतर थॅलियम ॲसिटेट पोटात द्या. थॅलियमने केस झडतात खरे, पण तेच उंदीर मारायचं विष. मात्रा जराशी चुकली तर मूल दगावायचं, आणि अशी मुलं दगावलीही. या पर्यायांच्या शेजारी एक्स-रे ठेवला तर त्या काळी कुणीही एक्स-रेच निवडला असता.

पाच ठिपके

एक्स-रेने केस झडवायची पद्धत पॅरिसच्या साबुरो या त्वचारोगतज्ज्ञाने १९०४च्या सुमारास बसवली. त्याची मात्रा मोजायची युक्ती पाहण्यासारखी आहे. बेरियम प्लॅटिनोसायनाइडची छोटी हिरवट चकती किरणांच्या वाटेत ठेवायची. किरण लागतील तशी ती तपकिरी-नारिंगीकडे झुकते. शेजारी नमुन्याचा रंग ठेवलेला. चकतीचा रंग त्याच्याशी जुळला की एक्स-रेची नळी बंद. केस गळतील पण कायमचं टक्कल पडणार नाही, एवढीच ती मात्रा. जरा कमी पडली तर बाधित केस तसेच राहतात, जरा जास्त झाली तर केस परत येत नाहीत. फार अरुंद पट्टी होती ती.

डोकं गोल, किरण सरळ. एकाच दिशेने दिले तर मध्ये जास्त, कडेला कमी. त्यावर व्हिएन्नाच्या कीनबॉकने आणि लंडनच्या ॲडमसनने तोड काढली. मुलाचे केस बारीक कापायचे, टाळूवर पेन्सिलने पाच ठिपके काढायचे: एक पुढे, एक माथ्यावर, एक मागे, एकेक दोन्ही बाजूंना, प्रत्येक शेजाऱ्यापासून पाच इंचांवर. मग एकेका ठिपक्यावर नळी रोखायची. कडेला एका झोताची धार बोथट होते तिथे शेजारचा झोत चढतो, आणि सगळ्या टाळूला साधारण सारखा डोस मिळतो. चेहऱ्यावर आणि कानांवर शिशाचा पत्रा. पाचही जागा बहुधा एकाच बैठकीत उरकायच्या. दोन-तीन आठवड्यांनी केस पुंजक्यांनी हातात यायचे, काही दिवस डोकं गुळगुळीत, आणि दोनेक महिन्यांत नवे, निरोगी केस. दिवा धरला तरी हिरवं काही दिसायचं नाही. मुलगा शाळेत परत.

१९१० ते १९५९ या काळात जगभरात सुमारे दोन लाख मुलांना असे शेक दिले गेले असावेत, असा अंदाज वारंवार दिला जातो. शेवट झाला तो ग्रिसोफुल्विनमुळे. हे औषध बुरशीतून १९३९मध्येच वेगळं काढलेलं होतं, पण पोटातून दिलं तर ते केसातली बुरशी रोखतं हे ग्लासगोच्या जेंटल्सने गिनिपिगवर १९५८मध्ये दाखवलं. वर्ष-दोन वर्षांत एक्स-रेचं मशीन या आजारापुरतं कोपऱ्यात गेलं. आपल्याकडे लहान मुलांच्या डोक्याच्या गजकर्णाला आजही ग्रिसोफुल्विन लिहिलं जातं. त्या गोळीने किती डोकी एक्स-रेपासून वाचवली, याचा विचार लिहिणाऱ्याच्या मनात क्वचितच येत असेल.

डॉक्टरांना काय ठाऊक होतं

एक्स-रेने कॅन्सर होतो हे तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणण्याची सोय नाही. व्हिएन्नात फ्रॉइंडने १८९६मध्ये, म्हणजे राँटगेनने एक्स-रे शोधल्याला वर्ष होतं न होतं तोच, पाच वर्षांच्या मुलीच्या पाठीवरच्या केसाळ डागावर एक्स-रे लावले. केस गळाले, आणि पाठीवर मोठी जखमही झाली. १९०२मध्ये हॅम्बुर्गच्या फ्रीबेनने एक्स-रे नळ्यांवर काम करणाऱ्या माणसाच्या हातावरच्या कॅन्सरची नोंद केली. त्यानंतर डॉक्टर, तंत्रज्ञ, नळ्या बनवणारे अशा अनेकांची बोटं, मग हात, मग जीव गेले. त्वचारोगतज्ज्ञांना हा इतिहास तोंडपाठ होता.

गफलत त्या इतिहासातून काढलेल्या निष्कर्षात झाली. त्या सगळ्यांची त्वचा आधी भाजलेली होती. वर्षानुवर्षं किरण खाऊन ती सुकलेली, चिरलेली, शिरा वर आलेली, चामखिळींनी भरलेली. त्या व्रणांतून पुढे स्क्वेमस सेल प्रकारचा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर उगवायचा. त्यावरून आडाखा बसला तो असा: किरणांचा कॅन्सर भाजलेल्या त्वचेत होतो, त्वचा भाजली नाही तर भ्यायचं कारण नाही. केस झडवायचा डोस त्वचा भाजवत नव्हता. थोडी लाली यायची, ती जायची, केस परत यायचे. महिन्याभराने टाळूकडे पाहून इथे एक्स-रे लागलेत हे कुणाला ओळखताही आलं नसतं. साबुरोची चकती, पाच ठिपके, शिशाचे पत्रे ही सगळी काळजी भाजू नये आणि टक्कल पडू नये यासाठी होती. तेवढं त्यांनी चोख केलं. डोळ्यांना धडधाकट दिसणारी त्वचा आतून बदललेली असू शकते, हे त्या हिशेबात नव्हतंच. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे. चूक हातून झाली नव्हती, आडाख्यात होती.

पाठपुरावा

१९६०च्या दशकात रॉय अल्बर्ट आणि अब्देल ओमरान यांनी दवाखान्याची जुनी कागदपत्रं बाहेर काढली. (ओमरान म्हणजे तेच, ज्यांचा, समाजातले मुख्य आजार काळाबरोबर कसे बदलतात हे सांगणारा सिद्धांत सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी आजही परीक्षेसाठी घोकतात.) पुढे हे काम रॉय शोर यांनी हाती घेतलं आणि दशकानुदशकं चालवलं. मोठ्या झालेल्या त्या मुलांना शोधायचं, प्रश्नावली पाठवायची, कुणी त्वचेची गाठ काढल्याचं कळवलं तर त्या डॉक्टरांचे कागद मागवून खात्री करायची. कंटाळवाणं काम. पण दोन गोष्टींनी या अभ्यासाला वजन आलं. एक म्हणजे तुलनेचा गट; तोच दवाखाना, तोच आजार, तशाच वस्त्यांतली मुलं, फरक फक्त एक्स-रेचा. दुसरी म्हणजे डोस. मुलाच्या डोक्याची प्रतिकृती करून, तीच पाच-ठिपक्यांची पद्धत पुन्हा वापरून, कुठे किती किरण पोचले असतील ते मोजलं गेलं. टाळूच्या त्वचेला सरासरी ४.८ ग्रे (ग्रे म्हणजे शरीरात शोषलेल्या किरणांची मात्रा मोजायचं एकक), मेंदूला साधारण दीड.

शोर यांच्या गटाने २००२मध्ये पन्नास वर्षांपर्यंतचा हिशेब मांडला. डोकं आणि मान या भागात बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेच्या तळच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर) झालेले गोरे रुग्ण: एक्स-रे घेतलेल्यांत १२४, न घेतलेल्यांत २१. गटांचा आकार आणि पाठपुराव्याची वर्षं जमेस धरल्यावर धोका ३.६ पट.

‘३.६ पट’ या आकड्याने माणूस दचकतो, म्हणून तो जरा जमिनीवर आणू. दोन्ही गटांत साधारण पाव मुलं कृष्णवर्णीय होती. ती वगळली तर एक्स-रेच्या गटात अंदाजे १,६७० आणि दुसऱ्या गटात १,०३५ गोरी मुलं उरतात. ढोबळ भागाकार केला तर एक्स-रे घेतलेल्या शंभरांपैकी सातेक जणांना आणि न घेतलेल्या शंभरांपैकी दोघांना हा कॅन्सर झाला. म्हणजे शंभरातले पाच जास्तीचे. उलट बाजूने, त्र्याण्णव जणांना हा कॅन्सर झाला नाही. रुग्णाला सांगायचं असेल तर मी पटीपेक्षा ही भाषा वापरेन.

पण या पाचांचं प्रकरण एकदा गाठ काढून मिटत नाही. कॅन्सर झालेल्या एक्स-रे गटातल्या जवळजवळ ४० टक्के लोकांना एकाहून अधिक गाठी झाल्या; सगळ्या मिळून ३२८. एक काढली, दोन वर्षांनी कानामागे दुसरी, मग कपाळाच्या केसरेषेवर तिसरी. कारण उघड आहे: डोस एका ठिपक्यावर पडलेला नव्हता, सगळ्या टाळूवर पडला होता, आणि मुद्दाम सारखा पसरलेला होता.

दुसरी गोष्ट काळाची. धोक्याचं प्रमाण वर्षांगणिक घटलं नाही, साधारण तितकंच राहिलं. ‘आता पन्नास वर्षं झाली, जे व्हायचं ते होऊन गेलं’ असं म्हणायला जागा नाही. शिवाय बेसल सेल कॅन्सर मुळातच वयाबरोबर वाढतो. तिशीत तो विरळा, सत्तरीत गोऱ्या लोकांत नेहमीचा. प्रमाण तेच राहून मूळ आकडा वाढत गेला, तर जास्तीचे रुग्णही म्हातारपणीच अधिक दिसणार.

मेलानोमा, म्हणजे त्वचेतल्या रंगद्रव्याच्या पेशींचा जास्त घातक कॅन्सर, डोक्यामानेवर एकही नाही. स्क्वेमस सेल अगदी थोडे. म्हणजे जुन्या एक्स-रे कामगारांच्या हातावर जो कॅन्सर दिसायचा, तो इथे जवळपास नाहीच. त्याच्या जागी वेगळाच प्रकार. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांतही वाढ ठळकपणे दिसली ती बेसल सेलचीच, आणि स्फोटाच्या वेळी जे लहान होते त्यांच्यात अधिक. त्वचा जाळणाऱ्या मोठ्या डोसांचा कॅन्सर आणि त्वचेवर खूण न सोडणाऱ्या मधल्या डोसांचा कॅन्सर वेगळे असावेत, असं यातून दिसतं. १९४०च्या डॉक्टरांचा आडाखा पहिल्यावर बेतलेला होता आणि त्यांच्या रुग्णांना गाठलं दुसऱ्याने.

बेसल सेलच का, याचं निदान अर्धं उत्तर हाती आहे. हा कॅन्सर त्वचेच्या तळच्या थरातून आणि केसांच्या मुळांच्या आसपासच्या पेशींतून उगवतो, आणि टाळूवर केसांची मुळं खच्चून भरलेली. या पेशींची वाढ आवरून धरणारं पीटीसीएच नावाचं एक जनुक आहे. ज्यांच्यात जन्मतःच त्याची एक प्रत बिघडलेली असते, त्या गॉर्लिन सिंड्रोमच्या मुलांना मेंदूच्या गाठीसाठी शेक दिले तर किरण गेलेल्या नेमक्या पट्ट्यात काही वर्षांतच ढीगभर बेसल सेल गाठी येतात. निरोगी मुलात दोन्ही प्रती बिघडायला वेळ लागतो. त्यातला पहिला धक्का एक्स-रे देत असावा आणि पुढचं काम वय नि ऊन करत असावं.

ऊन आणि कातडीचा रंग

यातला मला सर्वांत रोचक वाटणारा भाग हा. पाव मुलं कृष्णवर्णीय, डोस तोच, मशीन तेच. त्यांच्यात पन्नास वर्षांत त्वचेचे कॅन्सर किती? तीन. तिन्ही एक्स-रे घेतलेल्यांत, म्हणजे किरणांचा परिणाम शून्य नव्हता. पण गोऱ्यांच्या १२४च्या शेजारी तो आकडा किती लहान! मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य, एक्स-रे अडवत नाही, ते अतिनील किरण अडवतं. तेव्हा फरक एक्स-रेच्या वेळी पडलेला नाही, नंतरच्या आयुष्यात उन्हाने पाडला, असाच अर्थ लावावा लागतो. एक्स-रेने बी पेरावं आणि उन्हाने ते वाढवावं, तसं काहीसं.

मात्र चित्र इतकं गुळगुळीतही नाही. एक्स-रे गटात ज्यांची कांती फिकट, ज्यांना उन्हाने जोरात भाजण्याची सवय, ज्यांचे पूर्वज उत्तर युरोपातले, त्यांना कॅन्सर जास्त झाला. पण रोजच्या उन्हात किती वेळ गेला, याचा संबंध दिसला नाही. एकूण उन्हाच्या तासांपेक्षा तुमची कातडी ऊन कशी सोसते हे महत्त्वाचं असावं. किंवा असंही असेल, की चाळीस वर्षांपूर्वी आपण किती ऊन खाल्लं हे माणसाला नीट आठवत नाही. प्रश्नावलीवर चालणाऱ्या अभ्यासांची ही नेहमीची अडचण.

मराठी वाचकाला यातून हायसं वाटेल, आणि बऱ्याच अंशी ते रास्त आहे. आपल्या गहूवर्णी, सावळ्या कातडीत बेसल सेल कॅन्सर मुळातच कमी. पण तो होतो तेव्हा बहुधा काळसर रंगाचा असतो आणि तीळ किंवा मस म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहतो. कमी होतो म्हणून कुणी शोधत नाही, आणि शोधत नाही म्हणून उशिरा सापडतो.

इस्रायल

न्यूयॉर्कचे आकडे एकटे असते तर योगायोगाची शंका घेता आली असती. पण इस्रायलमध्ये हेच याहून मोठ्या प्रमाणावर घडलं. १९४८नंतर उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातून आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना तिथे गजकर्णासाठी शेक दिले गेले. १०,८३४ मुलांचा गट, तुलनेला तितकेच इतर लोक आणि शिवाय ५,३९२ सख्खी भावंडं. टाळूवरचा डोस न्यूयॉर्कपेक्षा जास्त, सातेक ग्रे. मेलानोमा सोडून इतर त्वचा-कॅन्सरांचा धोका सुमारे चौपट, आणि शेक घेताना मूल जितकं लहान तितका अधिक.

तिथला खरा हादरा मात्र त्वचेचा नव्हता. बारूख मोदान यांनी १९७४मध्ये आणि एलेन रॉन यांनी १९८८मध्ये दाखवलं, की या मुलांत मेंदूवरच्या गाठी, विशेषतः मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ), कित्येक पटींनी वाढल्या होत्या. थायरॉइडचे कॅन्सरही. त्यात या मुलांचे आईबाप नवखे, गरीब, भाषा न समजणारे. मुलांना काय देताहेत हे अनेकांना कुणी धड सांगितलंही नव्हतं. त्यातून निर्माण झालेला राग आजही शमलेला नाही. १९९४मध्ये इस्रायलने या लोकांसाठी भरपाईचा स्वतंत्र कायदा केला.

दवाखान्यात कसं दिसतं

साठी-सत्तरीचा माणूस, डोक्यावर केस जरा विरळ. कंगवा लागून खपली निघते, रक्त येतं, पुन्हा खपली धरते, असं सहा महिने चाललंय. घरचे म्हणतात कंगवा लागला. जवळून पाहिलं तर मोत्यासारखी चकाकणारी छोटी उंचवट्याची कड, तिच्यावर बारीक लाल शिरा, मध्ये खळगा. केसांत असल्याने आरशात दिसत नाही. न्हावी किंवा बायको पहिल्यांदा पाहते. तुकडा काढून तपासला की निदान पक्कं. बेसल सेल कॅन्सर क्वचितच दुसरीकडे पसरतो, पण जागच्या जागी पोखरत जातो, आणि टाळूखाली लगेच कवटीचं हाड असतं. लवकर सापडला तर छोटी शस्त्रक्रिया. एक्स-रे घेतलेल्या टाळूवर मात्र या गाठीला पुन्हा किरणोपचार देणं शक्यतो टाळतात, आणि उरलेल्या टाळूवर वर्षातून एकदा तरी, केस बाजूला करत, नजर फिरवावी लागते.

अशा माणसाला ‘लहानपणी डोक्याला कधी लाईट दिली होती का?’ हा प्रश्न विचारायला हवा. अनेकदा उत्तर येतं, ‘आठवत नाही, पण एकदा सगळे केस गेले होते खरे.’ सहा-सात वर्षांच्या मुलाला केस गेल्याचं आठवतं, मशीन आठवत नाही. कागद तर कधीच हरवलेले.

आज कुणाला शेक द्यायचे

साध्या आजारांसाठीचे किरणोपचार थांबलेले नाहीत आणि सरसकट थांबवावेत असंही नाही. आपल्याकडे सर्वांत ओळखीचं उदाहरण केलॉइडचं. कानाच्या पाळीवर, छातीवर, खांद्यावर वाढत जाणारा व्रण कापला की पुन्हा येतो. कापल्यानंतर एक-दोन दिवसांत किरणोपचार सुरू केला तर परत येण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. त्याला साधारण १२ ते २० ग्रे, तीन-चार भागांत. जर्मनीत टाचदुखीसाठी एकूण ३ ते ६ ग्रे देतात. म्हणजे डोसाचा आकडा पाहिला तर टाच न्यूयॉर्कच्या टाळूच्या जवळपास, आणि केलॉइड तिच्या कितीतरी पुढे. मग धोकाही तेवढाच का?

बहुधा नाही, आणि याची कारणं याच प्रकरणातून मिळतात. टाच लहान, तिच्यावर केस नाहीत, ऊन नाही, आणि रुग्ण बहुधा चाळिशीपुढचा. न्यूयॉर्कमध्ये सगळी टाळू होती, केसांनी गच्च, उन्हात, आणि सात वर्षांच्या मुलाची, म्हणजे पुढे साठ-सत्तर वर्षांचं आयुष्य बाकी. केलॉइडमध्ये पट्टा अरुंद असतो आणि आजूबाजूला शिसं लावता येतं. त्यानंतर त्या जागी कॅन्सर झाल्याच्या नोंदी फार थोड्या आहेत. पण केलॉइडचे रुग्ण तरुण असतात, आणि चाळीस वर्षांचा पाठपुरावा या उपचाराला क्वचितच लाभलेला आहे. छातीवरच्या केलॉइडखाली तरुण मुलीचं स्तन असतं, मानेवरच्या केलॉइडखाली थायरॉइड. तिथे त्वचेपेक्षा हा प्रश्न मोठा. लहान मुलांत मी तरी आधी इंजेक्शनं, सिलिकॉनची पट्टी, दाब असे सगळे मार्ग संपवायला सांगेन. चाळिशीतल्या माणसाच्या कानाच्या पाळीवर तिसऱ्यांदा आलेलं केलॉइड असेल, तर शेक घ्यायला माझी हरकत नाही.

हृदयाच्या अँजिओप्लास्टीत एक्स-रेचा झोत बराच वेळ पाठीच्या एकाच जागी रोखलेला राहिला तर तिथेही काही ग्रे डोस जाऊ शकतो. साठीच्या माणसाच्या, कपड्याखाली झाकलेल्या पाठीवर कॅन्सरची भीती नगण्य. पण पाठीवर चौकोनी लालसर डाग आला तर तो हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायला हवा. नाहीतर त्याच्यावर गजकर्णाचंच मलम चोपडलं जातं.

आणि कुठल्याही कारणाने शेक घेतले, तर डिस्चार्जच्या कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कुठल्या भागावर, एकूण किती ग्रे, किती भागांत, कुठल्या तारखांना. ‘रेडिओथेरपी दिली’ एवढ्या एका ओळीवरून तीस वर्षांनी पुढच्या डॉक्टरला काहीही कळत नाही. तो कागद फाइलमध्ये ठेवा, फोटो काढून फोनमध्ये ठेवा, आणि मूल लहान असेल तर ते मोठं झाल्यावर त्याला तोंडी सांगा की तुझ्या या जागेवर शेक दिले होते, तिथे महिनाभर न भरणारी खपली दिसली तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा.